बाळकृष्णाच्या आसनाखालची किल्ली

मित्रांनो, लोखंडी पेटी म्हटलं की तुम्हाला दागिने आठवतात, नाहीतर डांबरगोळ्यांच्या वासाची ठेवणीतली लुगडी. मी त्यातली नाही. मी उभी आहे, अरुंद आहे, मोठ्या माणसाच्या खांद्याला लागेन एवढी उंच आहे. इतक्या वर्षांत माझ्या पोटात एकच पाहुणी राहिली. ती म्हणजे जुन्या घडणीची एक दुनळी बंदूक. मोशीतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात मी उभी असते. माझा हिरवा रंग कडांना उडाला आहे, एका बाजूला पोचाही आला आहे, पण कुलूप मात्र अजून न कुरकुरता फिरतं.

माझा जन्म दापोडीचा. रेल्वेच्या रुळांलगत पत्र्याची एक शेड होती. तिथं बुद्धभूषण नावाचे कारागीर खिडक्यांच्या जाळ्या, दुकानांची शटरं आणि कपाटं बनवायचे. गाडी गेली की शेडचा पत्रा थरथरायचा आणि कोपऱ्यात रचलेले आम्ही कोरे पत्रे एकमेकांवर खणखणायचो. आपलं पुढं काय होणार, याची तेव्हा मला फार उत्सुकता असायची. कुणाचं शटर व्हायचं, कुणाची पाण्याची टाकी. माझ्या नशिबी काय?

एके दिवशी दौलतराव आले. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. फौजेतून निवृत्त होऊन ते पिंपरीतल्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायची नोकरी करत होते. खडूचा तुकडा घेऊन त्यांनी जमिनीवरच माझं चित्र काढलं.

"बंदूक उभी ऱ्हायली पायजे," ते म्हणाले. "आन काडतुसांचा खण खाली, येगळा. त्याची किल्लीबी येगळी."

"दोन्ही एकाच किल्लीत करून देऊ का, दादा? तुम्हाला सोपं पडेल."

"सोपं नकोच हाय मला. सोपं झालं की हात चुकतो."

बुद्धभूषण हसले. वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढता ओढता म्हणाले, "पेटी अशी देतो की पहारीलाही दाद देणार नाही. पण एक सांगतो. चोराला पेटी अडवेल, किल्लीवाल्याला नाही. किल्लीचं तुमचं तुम्ही बघा."

ते बोलणं मी ऐकलं आणि विसरून गेले. अंगावर ठिणग्या उडत असताना कुणाचं बोलणं लक्षात राहतं, सांगा?

मोशीच्या घरात मला आणलं, भिंतीला बोल्ट मारून घट्ट बसवलं. आतून दौलतरावांनी फौजेतली जुनी घोंगडी कापून लावली, म्हणजे बंदुकीला ओल लागू नये. दाराआडचा कोपराही त्यांनीच निवडला. बाहेरून आलेल्या माणसाला मी दिसत नव्हते. मला मात्र झोपायच्या खोलीच्या उघड्या दारातून बैठकीतलं देवघर आणि बाहेरच्या दाराशी लावलेली किल्ल्यांची खुंटी, दोन्ही नीट दिसायचं. ही जागा माझ्या चौकस स्वभावाला फार मानवली.

दौलतरावांची एक रीत होती. कामावरून आले की आधी बंदूक मधून मोडायची, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडायची, खिडकीकडे धरायची आणि मागून आत डोळा लावायचा. दोन्ही नळ्यांतून बाहेरचा उजेड दिसला तरच ती माझ्यात ठेवायची. बाहेर काढतानाही तेच. मला नवल वाटायचं. काल तर बघितलं होतं, मग आज पुन्हा काय बघायचं?

त्यांच्या मुलीलाही, विजयश्रीलाही, हाच प्रश्न पडला होता.

"बाबा, काल बघितलीत की. रात्रीत काडतूस उगवणार आहे का आत?"

"उगवत न्हाई गं. पर आपल्याला वाटतं काल बघितलं, आन बघितल्यालं असतंय परवा. उजेड दिसला का? मग ठेव."

"आणि घरात चोर शिरला तर? तुम्ही आधी उजेडच बघत बसणार?"

"चोर आला तर दाराला कडी लावायची, वॉचमनला हाका मारायच्या, पोलिसांना फोन करायचा. बंदूक आपल्याला राखंल ह्या भरवशावर ऱ्हाऊ नको. आपण तिला राखायचं."

माझी किल्ली दौलतरावांच्या करदोड्याला असायची. अंघोळीलाही ती सुटत नसे. वय झाल्यावर त्यांनी कचेऱ्यांचे खेटे घालून बंदुकीचा परवाना विजयश्रीच्या नावावर करून घेतला, तिला बंदूक हाताळायला शिकवलं. विजयश्रीनं लग्न केलं नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात ती माल तपासायच्या खात्यात होती. तयार झालेला सुटा भाग हातात घेऊन त्यात खोट शोधायची, हेच तिचं काम. दौलतराव म्हणायचे, "हिच्या नजरंतनं काय सुटत न्हाई."

मग एका हिवाळ्यात दौलतराव गेले, आणि त्या घरात विजयश्री आणि मी, दोघीच उरलो.

एकटं राहणाऱ्या माणसाचं घर कसं असतं, हे मी तेव्हापासून बघितलं. ती घरी आली की आधी सेफ्टी डोअर, मग आतलं दार, मग साखळी. कुणी बेल वाजवली की दाराच्या भिंगातून बघितल्याशिवाय साखळी निघायची नाही. कुरिअरवाल्यानं "घरात कुणी आहे का?" विचारलं की ती आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "बाबा, तुमचं काही मागवलंय का?" आणि दाराबाहेर चपलांच्या मांडणीत तिनं वडिलांचे फौजी बूट तसेच ठेवले होते. दर रविवारी त्यांना पॉलिश करायची. न वापरलेल्या बुटांना पॉलिश कशाला, हे मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, धूळ बसलेले बूट बघून कुणीही ओळखलं असतं की ते घालणारं कुणी नाही.

तिचा नेम मोठा. अंघोळ झाल्याशिवाय देवघरापुढं नाही आणि पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. कंपनीची बस पहाटे यायची असली तरी बाळकृष्णाला ताम्हनात घेऊन स्नान, गंध, तुळस, दूधसाखर, सगळं शांतपणे व्हायचं. या नेमावरूनच तिला एक गोष्ट सुचली. वडिलांची किल्ली तिनं बाळकृष्णाच्या पितळी आसनाखाली, मखमली वस्त्राच्या घडीत ठेवली. रोज देव उचलायचे म्हणजे किल्ली रोज नजरेखालून जाणार. देवाला हात लावायला परकं कोण येतंय? खालच्या खणाची किल्ली तिनं स्वयंपाकघरात कुठंतरी ठेवली होती. कुठं, ते मला आजवर कळलेलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

एकदा तिन्हीसांजेला वीज गेलेली असताना दाराच्या कुलपात कुणीतरी किल्ली घालून खडखड करू लागलं. विजयश्रीनं नुकतीच सांजवात लावली होती. ती दचकली. देव उचलून तिनं माझी किल्ली काढली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. किल्ली माझ्या कुलपाच्या तोंडाशी आली होती. आता काय करणार ही? मी श्वास रोखून, म्हणजे पेटी रोखते तसा, वाट बघत होते.

तिनं किल्ली मुठीत मिटली. दाराला वरची कडी घातली, वॉचमनला फोन लावला आणि आतूनच खणखणीत आवाजात विचारलं, "कोण आहे?"

"अहो, मी समाधान! वरच्या मजल्यावरचा! तरी म्हटलं माझी किल्ली का लागंना. अंधारात मजला चुकलो राव, ओव्हरटाइम करून डोकं चालंना झालंय."

वॉचमन टॉर्च घेऊन वर आला, तेव्हा समाधान ओशाळून हसत होता. "ताई, बूट बघूनच मला डाऊट यायला पाहिजे होता. आपल्या घरात मिलिट्री कधी आली?"

विजयश्री हसली, पण तो गेल्यावर बराच वेळ माझ्या दाराला टेकून बसून राहिली. दारामागं कोण आहे हे कळायच्या आत तिनं मला उघडलं असतं, तर? वरच्या मजल्यावर समाधानची बायको जेवायला थांबली होती.

मित्रांनो, इतकी शहाणी बाई. तरीही पुढं जे झालं ते झालंच.

शेजारी कस्तुराकाकू राहायच्या. साठीच्या पुढच्या, प्रेमळ, हातानं सतत काहीतरी पुसत असलेल्या. "एकटी राहतेस गं विजू, पण घरात बंदूक आहे ते एक बरं," असं त्या म्हणायच्या, आणि विजयश्री ओठांवर बोट ठेवायची. "काकू, कुणाला सांगू नका हं." काकू म्हणायच्या, "मी कशाला सांगत्येय!" आणि घरी जाऊन भाच्याला सांगायच्या.

एके सकाळी विजयश्री अंघोळीला जाणार एवढ्यात पाटणकडच्या गावाहून फोन आला. तिचे चुलते, रंगरावकाका, गेले. सुतक लागलं. आता ते फिटेपर्यंत तिनं देवाला शिवायचं नव्हतं.

तिनं रडत रडत पिशवी भरली. निघता निघता देवघरापुढं आली. हात पुढं गेला, आसनापाशी पोचला, आणि तसाच मागं आला. मी बघत होते. किल्ली एवढ्याशा अंतरावर होती, पण तिच्या आणि किल्लीच्या मध्ये देव बसला होता. इतक्या वर्षांचा नेम मोडणं तिच्यानं झालं नाही. आणि बंदूक असलेलं घर सोडून कितीतरी दिवस गावी जायचं होतं.

तिनं काकूंना बोलावून घराची किल्ली दिली. "काकू, सुतक फिटेपर्यंत देवाला पाणी घालाल?"

"अगं, हे काय सांगायला लागतं? देव काय पारोसे ठेवायचे असतात? तू जा निर्धास्त."

"आणि काकू, देवाखाली..."

"काय देवाखाली?"

विजयश्री घुटमळली. सांगावं, तर किल्लीची जागा दुसऱ्याला कळते. न सांगावं, तर... "काही नाही. देवाखालचं वस्त्र बरेच दिवस बदललं नाही, एवढंच."

"बदलते की. नवंच घालते."

मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी सगळे देव उतरवून चिंच-मिठानं लखलखीत घासले. वस्त्राची घडी उचलली आणि किल्ली टणकन फरशीवर पडली.

"अगंबाई! देवाखाली लोखंड?" काकू स्वतःशीच म्हणाल्या. "ध्यानात राहत नाही पोरीच्या. कुठली तरी किल्ली इथं येऊन पडलीय." त्यांनी ती धुतली, पदरानं पुसली आणि बाहेरच्या दाराशी खुंटीवर, इतर किल्ल्यांच्या ओळीत, नीटनेटकी टांगून ठेवली.

काकूंचं तरी काय चुकलं? त्यांनी देवाची जागा स्वच्छ केली. विजयश्रीचं तरी काय चुकलं? तिनं देवाचा नेम पाळला. दोघींच्या भक्तीत तिळाएवढीही खोट नव्हती, आणि त्या दोघींच्या मधून माझी किल्ली उघड्या खुंटीवर येऊन लटकत होती. काकू पूजेला आल्या की वारा खेळावा म्हणून दार उघडंच ठेवायच्या. जिन्यातून दूधवाला जायचा, झाडूवाली जायची, गॅसच्या पाइपचं काम करणारी माणसं जायची. प्रत्येकाच्या पावलांबरोबर मी आक्रसून जायचे. पण त्यातल्या कुणीच खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही. माझी भीती चुकीच्या माणसांच्या पावलांमागं धावत होती.

शनिवारी काकूंचा भाचा आला. सिद्धेश त्याचं नाव. मारुंजीत मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा, हिंजवडीत नोकरी करायचा आणि सुट्टीला मावशीच्या हातचं जेवायला यायचा. देवघराचा दिवा लागत नव्हता म्हणून काकूंनी त्याला विजयश्रीच्या घरात आणलं.

"मावशी, ते बंदुकीचं कपाट इथंच आहे ना गं?"

"गप्प. दिवा बघ तू. मी दूधसाखर घेऊन येते."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. सिद्धेशनं दिवा लावला, मग इकडंतिकडं बघितलं. झोपायच्या खोलीत डोकावला, मला बघून शीळ घातली. खुंटीवरची एकेक किल्ली आणून माझ्या कुलपात घालून बघू लागला. तिसरी की चौथी किल्ली फिरली.

मी उघडले. मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही. हात कुणाचा हे मी विचारू शकत नाही. दापोडीच्या शेडमधलं ते बोलणं मला त्या क्षणी आठवलं.

त्यानं मोबाइल पलंगावरच्या उशीला टेकवून चालू केला आणि बंदूक हातात घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. कधी खांद्यावर टाकायचा, कधी डोळे बारीक करायचा. अंगठ्यानं त्यानं घोडा मागं ओढला. तो कटकन चढला.

"सिद्ध्या!"

काकू दारात उभ्या होत्या, हातात दुधाची वाटी. सिद्धेश दचकून वळला, आणि त्याच्याबरोबर बंदूकही वळली. नळ्यांची तोंडं सरळ काकूंच्या छातीकडे आली.

"अगं मावशी, घाबरतेस काय! रिकामी आहे. हे बघ," तो हसत म्हणाला, आणि त्यानं चाप ओढला.

टक्.

एवढाच आवाज झाला. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली, फरशीभर दूध झालं.

"बघितलंस? रिकामी."

काकूंचा आवाज आधीच मऊ, आता तर जेमतेम ऐकू येत होता. "तुला कुणी सांगितलं रिकामी आहे म्हणून?"

"म्हणजे... भरून कोण ठेवतं असं?"

"कुणी सांगितलं, ते विचारतेय मी."

सिद्धेशला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं बंदूक मोडून बघितली नव्हती. बंदूक रिकामी होती हे मला ठाऊक होतं, कारण विजयश्रीनं तिच्यातून उजेड बघितला होता आणि काडतुसं खालच्या खणात, वेगळ्या कुलपात होती. त्याला मात्र त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो घाईनं बंदूक ठेवायला वळला आणि ती माझ्या बाजूच्या पत्र्यावर आपटली. माझ्या बाजूला आहे तो पोचा त्या दिवशीचा.

"ठेव ती. हळू. कुलूप लाव. किल्ली इकडं दे," काकू म्हणाल्या. किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "आता मोबाइल बघ. अजून चालूच आहे तुझा सिनेमा."

त्यानं बघितलं. मावशी दारात येते, नळ्या वळतात, आपण हसतो, टक्. बघता बघता तो मटकन खाली बसला, दुधातच. "मावशी, मी डिलीट करतो हे."

"पुसायचं नाही. विजूला दाखवायचंय. मग ती सांगेल ते कर."

काकूंनी फोन केला. विजयश्री मिळेल त्या एसटीनं निघाली. ती येईपर्यंत काकू माझ्यापुढं सतरंजी टाकून बसून राहिल्या. तोंडानं नामस्मरण चालू होतं आणि हात पदराची गाठ चाचपत होता. घासभर अन्न त्यांनी तोंडात घातलं नाही.

विजयश्री आली. काकूंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "मीच हलवली गं किल्ली. मला वाटलं, देवाखाली लोखंड कशाला!"

विजयश्रीनं काकूंच्या पदराची गाठ सोडून मला उघडलं. बंदूक काढली, मोडली, खिडकीकडे धरली. बराच वेळ ती त्या दोन नळ्यांतून बघत राहिली.

"उजेड आहे, काकू," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

"माझं चुकलं विजू."

"तुमचं नाही. मी देवाला राखणीला बसवलं. आणि गरज पडली तेव्हा मलाच त्याच्याजवळ जाता येईना. बाबा किल्ली करदोड्याला का बांधायचे, हे मी कधी विचारलंच नाही."

सिद्धेश दाराशी उभा होता. "ताई, पोलिसांत सांगाल का?"

"सांगावं लागेल."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"माझा परवाना जाईल. बाबांची एवढी एकच वस्तू माझ्या नावावर आहे." ती थांबली. मग हळू म्हणाली, "पण आज मावशी आहे तुझी. आत काडतूस असतं तर तू जेवायला कुणाकडं गेला असतास, सांग बरं?"



दुसऱ्या दिवशी तिघंही ठाण्यात गेली. तिथं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. पण परत आल्यावर सिद्धेशचे कान लाल होते आणि विजयश्रीचे हात मोकळे होते. बंदूक ठाण्यात जमा झाली होती. परवाना राहील की जाईल, हे चौकशीनंतर ठरणार होतं. विजयश्री दहाव्याला पुन्हा गावी गेली आणि मी पहिल्यांदाच इतके दिवस रिकामी राहिले. असं दिवसेंदिवस रिकामं असणं कसं असतं, याचीही मला कधीकाळी उत्सुकता होती. ती फिटली. घोंगडीवर बंदुकीच्या दस्त्याचा खड्डा तेवढा उरला होता.

मग नवरात्र आलं, खंडेनवमी आली. दौलतरावांच्या वेळी त्या दिवशी बंदूक पाटावर विराजमान व्हायची, तिला झेंडूची माळ घालायची, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत तिला हलवायचं नसायचं. तेवढा सगळा वेळ दौलतराव पाटाशेजारीच बसून असायचे. शेजारी फराळाला बोलवायचे, पण ते उठायचे नाहीत. लोकांना वाटायचं, काय ही भक्ती! भक्ती तर होतीच. पण ते राखणीला बसायचे, हे मला आता कळतं. मी मात्र त्या दिवशी कोपऱ्यात रिकामी, दार किलकिलं, कुणी न विचारलेली.

या खंडेनवमीला विजयश्री ताट घेऊन सरळ माझ्यापुढं आली. माझ्या बंद दारावर तिनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद लावली, हँडलला झेंडू अडकवला.

"अगं, आत काही नाही, मग पूजा कुणाची?" काकूंनी विचारलं.

"पेटीची. इतकी वर्षं हिला कधी हळदीचं बोट लावलं नाही आपण. आणि काकू, बंदूक परत आली तरी यापुढं पाटावर काढायची नाही. पूजा बंद दाराचीच."

दसऱ्याला सिद्धेश आपट्याची पानं घेऊन आला. झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याशीच थांबला. "ताई, सोनं पेटीवर ठेवू का?"

"ठेव की. खिशात किल्ल्या नाहीत ना?"

तो ओशाळला, काकूंना हसू फुटलं, मग विजयश्रीही हसली. पानं माझ्या माथ्यावर ठेवताना त्याची बोटं क्षणभर त्या पोच्यावर थांबली.

सगळे बाहेर गेल्यावर विजयश्री परत आली. माझं दार उघडून तिनं आतली धूळ पुसली, पुन्हा लावलं, किल्ली फिरवली आणि हँडल ओढून बघितलं. आत काहीही नव्हतं, तरी.

दिवाळी झाल्यावर ठाण्यातून फोन आला. परवाना राहिला होता. साहेबांनी चांगलं खडसावलं, घरातली व्यवस्था बघायला माणूस पाठवला आणि मग बंदूक घरी आली. त्याआधी बुद्धभूषण येऊन गेले. आता त्यांचे केस पिकले आहेत. त्यांनी माझ्या दारावर आकड्यांचं दुसरं कुलूप बसवलं. "दादांना म्हटलं होतं मी, किल्लीचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "आकड्यांचंही तेच हं, ताई." आता विजयश्री चार दिवस जरी गावाला निघाली तरी आधी बंदूक रीतसर जमा करते, मगच पिशवी भरते.

मित्रांनो, तुमच्या घरी बंदूक नसेलही. पण औषधांचं कपाट असेल, गॅसचा कॉक असेल, घराची जादा किल्ली असेल. ती कुठं आहे आणि अडचणीच्या दिवशी तुमचा हात तिथं पोचेल का, हे एकदा बघा. घरात एकटे असाल तर दार उघडायच्या आधी भिंगातून बघा. आणि कधी कुठं बंदूक दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. ती रिकामी आहे असं कुणी हसत म्हणालं, तर काकूंचा प्रश्न त्याला विचारा.

माझी किल्ली आता विजयश्रीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असते. स्वतःला शिवायला कुठलं सुतक आडवं येत नाही. रोज सकाळी ती देव ताम्हनात घ्यायला वाकते, तेव्हा किल्ली ताम्हनाच्या काठाला लागून किणकिणते. बाळकृष्ण नुसता बाळकृष्ण म्हणून बसलेला असतो, नव्या वस्त्रावर. इकडं कोपऱ्यात मी तो आवाज ऐकते, आणि किल्ली कुठं आहे हे मला कळतं.